इंडियाएआय मिशन आणि आजूबाजूच्या योजना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या तंत्रज्ञानाच्या एखाद्या मिशनची घोषणा झाली की पुढच्या आठवड्यात आमच्याकडे ठरलेले प्रश्न येऊ लागतात. अर्ज कुठे करायचा, पैसे किती मिळतात, मराठीत काही आहे का, आणि हे सगळे खरोखर सुरू झाले आहे की नुसतीच बातमी आहे? विद्यार्थी, प्राध्यापक, लहान उद्योजक आणि शेतकरी कुटुंबांतील वाचकांनी पाठवलेल्या अशा प्रश्नांतून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्यात पुन्हा द्यावी लागू नये, म्हणून आवश्यक तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंडियाएआय मिशन म्हणजे नेमके काय? ते सरकारी खाते आहे, कंपनी आहे की योजना?

ती केंद्र सरकारची योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या खर्चासह तिला मंजुरी दिली. ती इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत असून, प्रत्यक्ष अंमलबजावणी डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनमधील एका स्वतंत्र विभागाकडे सोपवलेली आहे. कल्पना मात्र जुनी आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा उल्लेख झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये नीती आयोगाने त्याविषयीचा धोरण-मसुदा प्रसिद्ध केला. मसुदा आणि मंजुरी यांत जवळजवळ सहा वर्षे गेली. या काळात जगात काय काय घडले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

मिशनचे सात भाग आहेत: संगणनक्षमता, देशी मॉडेले (म्हणजे भरपूर डेटावरून शिकलेल्या एआय प्रणाली) घडवणारे नवोन्मेष केंद्र, डेटासंचांचा मंच, उपयोजनांचा विकास, कौशल्यशिक्षण, नवउद्योगांना अर्थसाहाय्य आणि सुरक्षित व विश्वासार्ह एआय.

२. दहा हजार कोटी खर्च झाले का? आणि ते जातात कुठे?

मंजुरी, तरतूद आणि खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत बहुधा पहिलीच छापली जाते. मंत्रिमंडळाने मंजूर केलेली रक्कम ही पाच वर्षांची कमाल मर्यादा असते, तर प्रत्यक्ष पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून येतो. २०२४-२५ मध्ये या मिशनसाठी ५५१.७५ कोटींची तरतूद होती, ती सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष सरत आल्यावर सरकारने पुन्हा मांडलेल्या आकड्यांत, १७३ कोटींवर आली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हाच आकडा २,००० कोटी ठेवण्यात आला. पहिल्या वर्षी निविदा काढणे, पुरवठादार निवडणे आणि नियम ठरवणे यांतच वेळ जातो, त्यामुळे ही घट अगदी अनपेक्षित म्हणता येणार नाही. तरीही पुढच्या वेळी मोठा आकडा वाचताना सुधारित अंदाजाच्या रकान्यावरही एक नजर टाकावी.

सात भागांतील वाटणी अधिक बोलकी आहे. संगणनक्षमतेसाठी ४,५६३.३६ कोटी, म्हणजे शंभर रुपयांतील चव्वेचाळीस रुपये ठेवले आहेत. नवोन्मेष केंद्राला १,९७१.३७ कोटी, नवउद्योगांना १,९४२.५० कोटी आणि कौशल्यशिक्षणाला ८८२.९४ कोटी मिळतात. डेटासंचांच्या मंचाला मात्र १९९.५५ कोटी आहेत, म्हणजे शंभरात जेमतेम दोन रुपये. आणि सुरक्षित व विश्वासार्ह एआयला २०.४६ कोटी, म्हणजे शंभरात वीस पैसे. यंत्रे महाग असतात हे मान्य केले, तरी मराठीसारख्या भाषांची खरी अडचण यंत्रांची नसून डेटाची आहे (प्रश्न ६ पाहा), आणि नेमक्या त्याच रकान्यात हात आखडता घेतला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३. सरकार जीपीयू विकत घेऊन वाटते का? दर किती पडतो?

नाही. जीपीयू ही एकाच वेळी हजारो लहान आकडेमोडी करणारी चिप असते आणि मोठी मॉडेले तिच्यावरच घडवली जातात. सरकारने या चिप स्वतः विकत घेतलेल्या नाहीत. निविदेतून खासगी डेटा सेंटर कंपन्यांचे दर ठरवून घेतले, त्या कंपन्या पॅनेलवर घेतल्या, आणि पात्र वापरकर्त्याच्या बिलाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकार उचलते. उरलेले पैसे वापरकर्त्याने भरायचे असतात. मूळ उद्दिष्ट १०,००० जीपीयूंचे होते. जानेवारी २०२५ मध्ये १८,६९३ जीपीयू उपलब्ध होणार असल्याचे जाहीर झाले आणि मे २०२५ मध्ये हा आकडा ३४,००० च्या पुढे गेला. पहिल्या फेरीत सरासरी दर तासाला ११५.८५ रुपये निघाला होता. पुढे अनुदान धरून तो ६५ रुपयांच्या आसपास आल्याचे सरकारने सांगितले.

तासाला पासष्ट रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण हिशेब करून पाहावा. आठ जीपीयू दहा दिवस अखंड चालवले तर १,९२० तास होतात आणि बिल १,२४,८०० रुपये येते. शिवाय भाड्याने आणलेला ट्रॅक्टर बांधावर उभा ठेवला तरी भाडे चुकत नाही, तसेच येथेही आहे: कोडमधील चुकीमुळे काम मध्येच थांबले आणि यंत्र रात्रभर रिकामे चालू राहिले, तरी मीटर थांबत नाही. म्हणून आधी स्वतःच्या संगणकावर लहान डेटा घेऊन कोड चालवून पाहावा आणि मगच तास मागावेत.

४. मी अमरावती विभागातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. मला हे जीपीयू मिळतील का?

मिळू शकतात. ही सोय आयआयटीपुरती मर्यादित नाही. शैक्षणिक संस्था, संशोधक, विद्यार्थी, नवउद्योग, सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग आणि सरकारी संस्था यांच्यासाठी ती आहे, आणि महाविद्यालय खासगी असणे आड येत नाही. मात्र अर्जात प्रकल्प कोणता, डेटा कोणता, किती जीपीयू-तास लागतील आणि ते का, हे सांगावे लागते. आणि विद्यार्थ्याच्या अर्जामागे संस्था उभी असणे आवश्यक असते. त्यामुळे मार्गदर्शक प्राध्यापकांना विश्वासात घेऊन सुरुवात करावी.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रकल्पांना मोठ्या यंत्राची गरजच नसते, हेही सांगायला हवे. सोयाबीनच्या पानावरील रोग ओळखणारे लहान मॉडेल विनामूल्य मिळणाऱ्या साधनांवर सहज घडते. त्यासाठी दुर्मीळ असतात ती नीट नोंदी केलेली छायाचित्रे, आणि ती जीपीयू देत नाही.

५. सरकारी डेटा कुठे मिळतो? तो कसाही वापरता येतो का?

६ मार्च २०२५ रोजी सुरू झालेल्या एआयकोश या मंचावर सरकारी आणि बिगरसरकारी डेटासंच, तयार मॉडेले आणि तेथेच प्रयोग करून पाहण्याची सोय आहे. मात्र प्रत्येक डेटासंचाच्या वापराच्या अटी वेगळ्या असू शकतात. संशोधनासाठी खुला असलेला संच व्यापारी उत्पादनात वापरण्यापूर्वी त्याचा परवाना वाचावाच. डेटात व्यक्तींची माहिती असेल, तर प्रश्न ११ मधील कायदा लागू होतो.

६. या सगळ्यात मराठीचे काय?

जुलै २०२२ मध्ये सुरू झालेली भाषिणी ही संविधानाच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांसाठीची भाषांतर आणि वाणी-ओळख यांची सरकारी यंत्रणा आहे. तिच्यात मराठी आहे, कोंकणीही आहे. मराठीसह भारतीय भाषांसाठी मोठी मॉडेले घडवण्याचे भारतजेनचे काम आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली चालते (प्रश्न ७ पाहा). म्हणजे मराठी यादीत नक्की आहे. यादीत असणे आणि भाषा नीट येणे यांत मात्र अंतर राहते.

एखादा शेतकरी फोनवर बोलतो: ‘पावणेतीन एकरांतल्या कपाशीला दीड पोतं युरिया टाकलाय, आता काय करू?’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाला क्षणात कळते. यंत्रासाठी मात्र त्यात तीन खाचखळगे आहेत. ‘पावणेतीन’ म्हणजे २.७५ हे त्याला माहीत हवे. ग्रामीण बोलीत ‘पावणे’ म्हणजे पाहुणेही असतात, तेव्हा एकराऐवजी तीन पाहुणे दारात उभे राहू शकतात. आणि ‘पोतं’ हे माप किती किलोंचे, हे खताच्या प्रकारानुसार ठरते. सव्वा, दीड, अडीच, साडे आणि पावणे यांचा गोंधळ झाला तर खताची मात्रा चुकते, आणि तेथे चूक व्याकरणाची न राहता पिकाची होते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्याची गोष्ट तर आणखी पुढची आहे.

दुसरी अडचण लेखनातील आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘शेतकऱ्यांकडूनसुद्धा’ या एका शब्दात मूळ नाम, अनेकवचनाचे सामान्यरूप, ‘कडून’ आणि ‘सुद्धा’ असे चार थर आहेत. भाषेची मॉडेले मजकुराचे लहान तुकडे पाडून काम करतात, आणि प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या मॉडेलांत देवनागरीचे तुकडे बरेच जास्त पडतात. सेवा तुकड्यांच्या हिशेबाने विकली जात असेल, तर तोच आशय मराठीत विचारणे महाग पडते. देशी मॉडेले हवीत ती या कारणासाठी. केवळ अभिमानासाठी नव्हे.

यात वाचकाला स्वतःचा हातभार लावता येतो. भाषिणीच्या भाषादान उपक्रमात मराठी वाक्ये वाचून ध्वनिमुद्रित करता येतात, ऐकलेले लिहून देता येते आणि इतरांचे काम तपासताही येते. घरातील आजी-आजोबांचा आवाज आणि उच्चार तेथे पोहोचले, तर त्यांची मराठी यंत्राला कळण्याची शक्यता वाढेल.

७. सर्वम, भारतजेन ही सरकारी मॉडेले आहेत का?

दोहोंचे स्वरूप वेगळे आहे. सर्वम ही खासगी कंपनी आहे. देशी मोठे भाषा-मॉडेल घडवण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये मिशनने तिची पहिली निवड केली आणि मेअखेरीस सॉकेट, ज्ञानी आणि गॅन या आणखी तीन कंपन्या निवडल्या. त्यांना मुख्यतः संगणनक्षमतेचे साहाय्य मिळते. त्यामुळे मॉडेल सरकारी खात्याच्या मालकीचे होते, असे समजू नये. भारतजेनची सुरुवात ३० सप्टेंबर २०२४ रोजी झाली, ती विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या आंतरशाखीय सायबर-भौतिक प्रणालींच्या राष्ट्रीय मिशनमधून. म्हणजे तिचा मूळ निधी वेगळ्या मंत्रालयाचा आहे. मंत्रालये वेगळी, मिशने वेगळी आणि उद्दिष्टे बरीचशी सारखी, हे चित्र या क्षेत्रात नवे नाही.

८. मग पुण्याचा परम महासंगणक कशासाठी आहे?

पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेची स्थापना १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. अमेरिकेकडून हव्या त्या क्षमतेचा महासंगणक मिळत नव्हता, ही त्यामागची मुख्य प्रेरणा होती. चिपच्या निर्यातबंदीच्या आजच्या बातम्या वाचताना ती आठवावी. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन मिशनसाठी ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले आणि त्यातून आयसर पुणे या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत परम ब्रह्म उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र संगणकांपैकी एक नारायणगावाजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे.

हे संगणक मुख्यतः वैज्ञानिक गणितासाठी असतात: हवामान, रेणूंची रचना, दुर्बिणीचे संकेत. सी-डॅकमधील ऐरावत ही यंत्रणा मात्र खास एआयसाठी उभारलेली आहे. संशोधनसंस्थेतील वैज्ञानिक कामासाठी महासंगणन मिशनकडे जावे, आणि उत्पादन घडवणाऱ्या नवउद्योगाने प्रश्न ३ मधील मार्ग धरावा.

९. क्वांटम मिशनमध्ये महाराष्ट्राला काय आहे? आणि बँकेचे पासवर्ड फुटणार का?

राष्ट्रीय क्वांटम मिशनला १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी मिळाली. २०३०-३१ पर्यंतचा खर्च ६,००३.६५ कोटी रुपये आहे. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक घडवणे, हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक; क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूळ एकक. चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदन आणि मापन यांचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्यातील डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि टीसीएस यांनी मिळून २०२४ मध्ये सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. सहा क्यूबिटवर कोणाचाही पासवर्ड फुटत नाही. मात्र आज चोरून साठवलेला कूटबद्ध डेटा उद्याच्या मोठ्या यंत्रावर उलगडता येऊ शकतो, म्हणून बँका आणि सरकारे आतापासून नव्या कूटलेखन पद्धतींकडे वळत आहेत.

१०. महाराष्ट्र शासनाचे स्वतःचे धोरण आहे का? शेतकऱ्याला त्यातून थेट पैसे मिळतात का?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९ मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. त्यातून शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा होत नाही. शेतीविषयक डेटाची देवाणघेवाण, दूरसंवेदन, उत्पादनाचा माग ठेवणे, सल्लासेवा आणि अशा प्रकल्पांना साहाय्य, असे त्याचे स्वरूप आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर केलेले एआयचे प्रयोग अनेकांनी पाहिले आहेत, आणि ‘आमच्या गावात कधी?’ हा प्रश्न तेथूनच सुरू होतो. एकट्या शेतकऱ्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा साखर कारखान्याने यात उतरणे व्यवहार्य आहे, कारण हवामान केंद्र आणि संवेदक यांचा खर्च अनेक शेतांत विभागला जातो. शेतीबाहेरचे ठळक उदाहरण म्हणजे पोलिसांच्या तपासकामासाठी राज्याने २०२४ मध्ये स्थापन केलेली मार्व्हल ही नागपूरस्थित कंपनी.

११. माझी माहिती सरकारने माझ्या संमतीशिवाय एआयसाठी वापरली तर?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी तेव्हापासून अठरा महिन्यांचा अवधी दिला आहे. खासगी कंपनीला साधारणपणे स्पष्ट संमती घ्यावी लागेल, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल. शाळेसाठी ॲप बनवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सतरा वर्षांचा बारावीचा विद्यार्थीही या कायद्यात बालकच आहे.

अपवाद महत्त्वाचे आहेत. अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना देण्यासाठी राज्ययंत्रणेला ठरावीक अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरता येते. म्हणजे एका योजनेसाठी दिलेली माहिती दुसऱ्या योजनेची पात्रता तपासण्यासाठी वापरली जाऊ शकते. नियम मोडणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून भरपाई मिळत नाही.

१२. भारतात एआयसाठी स्वतंत्र कायदा आहे का?

स्वतंत्र, सर्वंकष कायदा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने एआय प्रशासनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्यांचा रोख सध्याचे कायदे वापरण्यावर आहे: माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, ग्राहक संरक्षण कायदा आणि प्रश्न ११ मधील कायदा. मार्च २०२४ च्या आरंभी मंत्रालयाने अपुरी चाचणी झालेल्या मॉडेलांसाठी पूर्वपरवानगी मागणारी सूचना काढली होती; नवउद्योगांत गदारोळ झाला आणि दोन आठवड्यांत सुधारित सूचना काढून ती अट वगळण्यात आली. जुन्या बातमीच्या आधारे ‘परवाना काढून देतो’ म्हणणारे सल्लागार अजून भेटतात. त्यांना पैसे देऊ नयेत.

१३. माझी प्रोप्रायटरशिप आहे. नवउद्योगांच्या योजनांत मी बसतो का?

स्टार्टअप इंडियाच्या मान्यतेसाठी खासगी मर्यादित कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारी यांसारखी संस्था असावी लागते; एकल मालकी त्यात बसत नाही. उद्यम नोंदणी मात्र एकल मालकीलाही मिळते, म्हणून लघुउद्योग या नात्याने प्रश्न ३ मधील जीपीयूंसाठी प्रयत्न करता येतो.

जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेबद्दलही बरेचजण विचारतात. ते अनुदान नाही. मुख्यतः दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे कर्ज आणि भागभांडवल अशी ती योजना आहे. पैसा दुसऱ्या स्तरावरील निधी-व्यवस्थापकांमार्फत येतो, आणि तंत्रज्ञान प्रयोगशाळेतील कल्पनेच्या पुढे गेलेले असावे लागते. केवळ सादरीकरण हातात असलेल्याने तिकडे वळण्यात अर्थ नाही.

१४. सरकारी चॅटबॉटने चुकीची माहिती दिली आणि माझी मुदत निघून गेली. तक्रार कोणाकडे करू?

चॅटबॉटचे उत्तर म्हणजे अधिकाऱ्याचा आदेश नव्हे, त्यामुळे केवळ त्या उत्तराच्या बळावर हक्क सांगणे कठीण जाते. महाराष्ट्रातील अधिसूचित सेवांसाठी मात्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उपयोगी पडतो. अर्ज दाखल करून पोच घेतली असेल आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज नाकारला गेला, तर तीस दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी आयोगाकडे जाता येते. पुरेशा कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. हा सगळा मार्ग पोचपावतीपासून सुरू होतो, संभाषणापासून नव्हे. म्हणून चॅटबॉटने ‘अजून वेळ आहे’ असे सांगितले तरी अर्ज त्याच दिवशी भरावा, पोचेचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि त्या संभाषणाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट अपिलाला जोडावा.